नदीचा वाटा : सिंचनाचे पाणी नदीसाठी सोडण्याचा विचार आणि हिंगोली जिल्हा

सिंचनासाठी मंजूर झालेले पाणी शेतात न घेता नदीच्या पात्रात राहू देणे आणि ते तिथेच राहील अशी कायद्याची हमी मिळवणे, या दोन गोष्टी जुळून आल्या म्हणजे नदीसाठी पाण्याचा हक्क दान झाला असे म्हणता येते. पहिली गोष्ट मनाच्या मोठेपणावर होते. दुसरीसाठी कायदा लागतो, मोजमाप लागते आणि पात्रावर नजर ठेवणारे कोणीतरी लागते. ही दुसरी बाजू लंगडी असेल तर वरच्या शेतकऱ्याने सोडलेले पाणी खालच्या पहिल्याच मोटारीने उपसले जाते. दान होते, पण ते नदीला पोचत नाही.

ही कल्पना कायद्याच्या रूपात पहिल्यांदा उभी राहिली ती अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात. तिथे ज्याने आधी पाणी वापरायला घेतले त्याचा हक्क आधी, असा नियम होता आणि हक्क टिकवायचा तर पाणी वापरत राहणे भाग होते. ओढ्यात राहू दिलेले पाणी वापरात धरले जात नसे. त्यामुळे एखाद्या शेतकऱ्याला माशांसाठी पाणी सोडावेसे वाटले तरी काही वर्षांत त्याचा हक्कच बुडण्याची भीती असे. कोलोरॅडो राज्याने १९७३ मध्ये आणि ओरेगॉनने १९८७ मध्ये कायदा करून पात्रातले वाहते पाणी हाही एक वापर आहे असे मान्य केले. ओरेगॉनच्या कायद्यात दोन गोष्टी मोलाच्या आहेत. पात्रातला हक्क राज्याने जनतेचा विश्वस्त म्हणून धारण करायचा, आणि दान केलेल्या हक्काची मूळ ज्येष्ठता तशीच टिकायची. शंभर वर्षांपूर्वीचा हक्क नदीला दिला तर नदीही शंभर वर्षांची जुनी हक्कदार होते. टंचाईत नव्या हक्कदारांच्या आधी तिचा नंबर लागतो. १९९३ मध्ये तिथे ओरेगॉन वॉटर ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या व्यवहारांपैकी एक बक हॉलो या ओढ्यावर झाला. तिथला एक पशुपालक ओढ्याच्या पाण्यावर गवत पिकवत होता. संस्थेने त्याला तेवढे गवत विकत घेण्याचे पैसे दिले, पाणी ओढ्यात राहिले आणि समुद्रातून अंडी घालायला वर चढणाऱ्या माशांना वाट मिळाली. त्या माणसाला पाणी हवे होते ते जनावरांच्या वैरणीसाठी. वैरण दुसरीकडून मिळाल्यावर पाण्यावरून भांडायचे कारण उरले नाही.

ऑस्ट्रेलियाने हाच विचार फार मोठ्या प्रमाणावर राबवला. २००७ च्या जल कायद्याने तिथे पर्यावरणासाठी पाण्याचे हक्क बाळगणारे एक सरकारी पद निर्माण झाले आणि मरे-डार्लिंग खोऱ्यात सरकारने शेतकऱ्यांकडून हक्क विकत घेतले. मात्र २०१० मध्ये खोऱ्याच्या आराखड्याचा मसुदा बाहेर आला तेव्हा ग्रिफिथ गावात संतप्त शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या. नदीसाठी पाणी मागताना कालव्यावर जगणाऱ्या गावांचे काय होणार हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, हे त्या आगीने दाखवून दिले.

हिंगोली जिल्ह्याची घडण या दोन्ही देशांपेक्षा निराळी आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके आहेत. उत्तरेच्या सीमेवरून पैनगंगा जाते, मधून कयाधू वाहते आणि दक्षिणेकडे पूर्णा. तिन्ही नद्या अखेरीस गोदावरी खोऱ्यातल्या. जमीन काळ्या पाषाणाची. या दगडात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, आणि तेही बेताचे. पावसाचे पाणी चार महिन्यांत धो-धो येते आणि पुढचे आठ महिने नदीला पोसणारा झरा बारीक होत जातो. अशा नदीकडून बारमाही प्रवाहाची अपेक्षा करणे तिच्या प्रकृतीला धरून नाही. उन्हाळ्यात इथे जीव टिकतो तो डोहांत.

डोहाचे महत्त्व भोई समाजाला आणि काठावरच्या गुराख्यांना सांगावे लागत नाही. पात्र तुटक झाले की मरळ, वाम, शिंगटा, झिंगे, शिंपले सगळे उरलेल्या डोहांत गोळा होतात. त्याच पाण्यावर खंड्या, बगळे, ढोकरी जगतात, काठचा करंज आणि उंबर हिरवा राहतो, रात्री रानातली जनावरे पाण्यावर येतात. मृगाच्या पुढे पहिला पूर आला की डोहात तग धरलेली मासळी प्रवाहाच्या उलट वर निघते. तेच चढणीचे मासे. शेतात, नाल्यात, उथळ पाण्यात ती अंडी घालते. मे महिन्यात डोह आटला तर जूनमध्ये चढायला मासा उरत नाही, आणि पुढच्या वर्षी कितीही पाऊस पडला तरी नदी पाण्याने भरते, जीवाने नव्हे. ओढ्या-नदीचा अधिवास राखणे याचा हिंगोलीतला अर्थ म्हणूनच फार नेमका आहे : फेब्रुवारी ते जून डोह जिवंत ठेवणे आणि पहिल्या पुराची वाट मोकळी ठेवणे.

याला किती पाणी लागते, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. दोनशे मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल डोह धरला तर त्यात १२,००० घनमीटर पाणी असते. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर पाणी उडून जाते असे मानले तर रोजची घट ६० घनमीटर. खाली मुरणारे पाणी हिशेबाबाहेर ठेवले तर दोन महिन्यांनंतरही निम्म्याहून अधिक डोह शिल्लक राहतो. आता काठावर पाच अश्वशक्तीची एक मोटार बसवली, ती सेकंदाला दहा लिटर पाणी उचलते आणि दिवसातून आठ तास चालते असे समजू. तिचा रोजचा उपसा २८८ घनमीटर, म्हणजे उन्हाने उडणाऱ्या पाण्याच्या जवळजवळ पाचपट. एका मोटारीने डोह पाच आठवड्यांत संपतो. पाच मोटारी लागल्या तर आठ दिवसांत. डोह कोरडे पडण्याचा दोष उन्हाळ्यावर टाकला जातो, पण हिशेब वेगळे सांगतो. त्याच हिशेबातून आशाही निघते. एक डोह वाचवण्यासाठी साऱ्या तालुक्याचे मन वळवावे लागत नाही; त्या डोहावर मोटारी असलेल्या मोजक्या कुटुंबांशी बोलणे पुरते.

या कुटुंबांकडे असलेला हक्क नेमका कोणता, इथे कायद्याचा प्रश्न येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, नाले आणि सर्व साठलेले व वाहते पाणी राज्य सरकारच्या मालकीचे आहे. शेतकऱ्याला मिळते ती वापराची मुभा. कालव्यावर ती हंगामापुरती असते : नमुना नंबर सातचा अर्ज, त्यावर मंजुरी, मग पाळी आणि शेवटी पाणीपट्टी. नदीवरून उपसा करायचा तर पाटबंधारे खात्याचा परवाना लागतो. म्हणजे अमेरिकेतल्या शेतकऱ्यासारखे पाणी ही मालमत्ता म्हणून दान करण्याची सोय इथे नाही. एखाद्याने अर्जच केला नाही तर त्याच्या वाट्याचे पाणी धरणात राहते आणि पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या उसाला जाते.

२००५ साली महाराष्ट्राने दोन कायदे केले आणि या चित्रात थोडी फट पडली. एका कायद्याने सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देण्याची तरतूद केली. संस्थेला पाणी घनमापाने मोजून द्यायचे आणि आपसांत कसे वाटायचे ते संस्थेने ठरवायचे. दुसऱ्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले. या दुसऱ्या कायद्याच्या कलम ११ मध्ये पाण्याची हक्कदारी हा उपभोगाचा हक्क मानला आहे आणि प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली तो वर्षापुरता किंवा हंगामापुरता हस्तांतरित करता येईल, अदलाबदल करता येईल, विकता येईल असे म्हटले आहे. पुढे २०११ च्या दुरुस्तीने या हक्कदारीची व्याप्ती आवळली गेली. जिथे पाणी वापर संस्थांची क्षेत्रे कायद्याने आखून झाली आहेत तिथेच ती लागू राहिली. तरीही मूळ तत्त्व कायद्याच्या पुस्तकात उभे आहे. जो हक्क शेजारच्या संस्थेला विकता येतो, तो हंगामापुरता नदीला देण्यात तत्त्वाची अडचण असू नये. अडचण आहे ती घेणाऱ्याची. नदी ही पाण्याची वापरकर्ती म्हणून कुठल्याही नोंदवहीत नाही, त्यामुळे देणाऱ्याने दिले तरी घेतल्याची पावती फाडणारे कोणी नाही.

ही जागा सरकारने घेणे न्यायाला धरून आहे. एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीच्या निमित्ताने निकाल दिला की नद्या, वने यांसारख्या संपत्तीचे राज्य हे विश्वस्त असते. राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये नद्यांचे रक्षण नागरिकांचे कर्तव्य म्हणून आले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये सर्व नद्यांत कोरड्या हंगामातील सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी राखावे असे सांगितले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने गंगेसाठी किमान प्रवाहाची अधिसूचना काढली. कयाधूसारख्या हंगामी नदीला टक्क्यांचे हे माप चपखल बसत नाही. जिथे एप्रिलमध्ये प्रवाहच शून्य असतो तिथे शून्याचे वीस टक्के शून्यच. अशा नदीसाठी माप प्रवाहाचे नको, डोहातल्या पाणीपातळीचे हवे.

जमिनीपासून पाण्याचा हक्क सुटा करण्याचा विचार महाराष्ट्राला परका नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावापासून पाणी पंचायतीची चळवळ सुरू केली. तिथे पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता माणशी अर्धा एकर या मापाने दिले गेले, भूमिहीनांनाही वाटा मिळाला, उसाला मनाई झाली आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही असे ठरले. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवरच्या बळीराजा धरणाने समन्यायी वाटपाचा तोच धागा पुढे नेला. नदीसाठी पाणी सोडण्याच्या अगदी जवळ जाणारे काम नाशिक जिल्ह्यात ओझर इथे झाले. वाघाड धरणाच्या कालव्यावर बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी आपल्या वाट्याचे काही पाणी स्थानिक ओढ्या-नाल्यांवरच्या जुन्या बंधाऱ्यांत सोडले. हेतू विहिरींचे पुनर्भरण करण्याचा होता, माशांचा नव्हता. पण संस्थेने ठरवले तर कालव्याचे पाणी मोजून ओढ्याला देता येते, आणि त्याचा हिशेब सभासदांपुढे ठेवता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

हिंगोलीच्या तीन नद्यांवर हा विचार तीन वेगळ्या रीतींनी बसवावा लागेल. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणे १९६८ पासून उभी आहेत; येलदरीची एकूण साठवण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर (दलघमी), सिद्धेश्वरची सुमारे २५० दलघमी. येलदरीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी नदीतूनच सिद्धेश्वरला येते, त्यामुळे मधल्या पट्ट्यात पात्राला ओल असते. सिद्धेश्वरपासून पुढे पाणी पात्र सोडून कालव्याने परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांच्या रानात जाते. वसमतची हळद, ऊस आणि रब्बीचा गहू-हरभरा या पाण्यावर आहे. इथे दान करू शकतील त्या पाणी वापर संस्था, आणि त्यातही कालव्याच्या मुखाकडच्या. पुच्छ भागातल्या शेतकऱ्याला मंजूर पाणीही धड पोचत नाही. त्याच्याकडे त्यागाची मागणी करणे अन्यायाचे होईल. मुखाकडच्या संस्थेने ठिबक वापरून हळदीचे पाणी वाचवले, तर वाचलेला कोटा हंगामापुरता नदीच्या नावे नोंदवून सिद्धेश्वरखालच्या ठरावीक डोहांसाठी सोडता येईल. मात्र हळद आठ-नऊ महिने उभी राहणारे पीक आहे. तिच्या पाळ्या न मोडता हे बसवावे लागेल, नाहीतर पहिल्याच वर्षी लोकांचा विश्वास उडेल.

पैनगंगेवर इसापूर धरण आहे. उर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या या जलाशयाची एकूण साठवण सुमारे १,२५४ दलघमी असून त्याचे कालवे हिंगोली, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांना पाणी देतात. धरणाखाली नदी उमरखेड, हदगाव, हिमायतनगर, माहूर या भागांतून जाते, पैनगंगा अभयारण्याला तीन बाजूंनी वेढते आणि सहस्रकुंडाला कोसळते. उन्हाळ्यात पात्रात पाणी सोडा ही मागणी या गावांतून वारंवार उठते. ती पिण्याच्या पाण्यासाठी असते आणि रास्त असते. नदीच्या जीवसृष्टीला सध्या उन्हाळ्यात जे काही मिळते ते बहुधा या मागणीच्या आडून. सेकंदाला २५० लिटर, म्हणजे साधारण नऊ क्युसेक, एवढा बारीक प्रवाह सलग १२० दिवस ठेवायचा तर सुमारे २.६ दलघमी पाणी लागते. इसापूरच्या एकूण साठ्याच्या तुलनेत हे पाव टक्क्याहूनही कमी. शेताच्या भाषेत सांगायचे तर, कालव्यात निम्मे पाणी गळते असे धरून आणि प्रत्येक पाळीला दहा सेंटिमीटर पाणी मोजून, सहा पाळ्यांच्या सुमारे २१६ हेक्टर गव्हाचे ते पाणी आहे. तीन जिल्ह्यांच्या लाभक्षेत्रात हा बोजा वाटला तर पेलण्याजोगा आहे. एकाच वितरिकेवर टाकला तर तिथली घरे मोडतील. आणि असा बारीक प्रवाह तापलेल्या वाळूत किती दूर पोचेल हे पात्रावर मोजूनच ठरवावे लागेल. पाण्याबरोबर राखणही सोडावी लागते. पात्रात पिण्यासाठी पाणी सोडतात तेव्हा काठच्या कृषिपंपांची वीज काही काळ बंद ठेवण्याची रीत महाराष्ट्रात आहे; तोच शिरस्ता इथे लावता येईल, पण तो काठच्या गावांशी बोलून, त्यांच्या उभ्या पिकाची एक पाळी आधी देऊन.

कयाधूची गोष्ट या दोघींहून वेगळी. वाशिम जिल्ह्यातून येऊन सेनगाव, हिंगोली, कळमनुरी तालुक्यांतून जाणारी ही नदी पुढे पैनगंगेला मिळते. तिच्यावर मोठे धरण नाही. तिचे पाणी अडवण्याच्या आणि इसापूरकडे वळवण्याच्या योजनांना इथल्या शेतकऱ्यांनी जोरदार विरोध केला आहे, आणि तिच्या पुनरुज्जीवनासाठी उमरा येथील उगम ग्रामीण विकास संस्थेसारख्या संस्थांनी गावोगाव काम केले आहे. लोकांचे मन या नदीशी जुळलेले आहे. दानाचा पहिला प्रयोग करायचा तर तो इथेच करावा. इथे सोडायचे आहे ते उपशाचे पाणी. वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे एका डोहावरच्या मोटारधारकांनी फेब्रुवारी ते जून उपसा थांबवायचा, ग्रामसभेने ठराव करून तो डोह राखीव ठरवायचा, परवाना देणाऱ्या खात्याने तेवढ्या महिन्यांची स्थगिती परवान्यावर नोंदवायची, आणि त्या कुटुंबांच्या उन्हाळी चाऱ्याची किंवा भाजीच्या उत्पन्नाची भरपाई करायची. परवाना रद्द होणार नाही, पुढच्या वर्षी नाव कमी होणार नाही, याची लेखी खात्री त्यांना आधी मिळाली पाहिजे. ओरेगॉनच्या कायद्याने नेमकी हीच भीती दूर केली होती. डोहापासून ठरावीक अंतरातल्या नव्या बोअरवरही लक्ष ठेवावे लागेल, कारण मोटार पात्रातून काढून शंभर फुटांवरच्या बोअरमध्ये सोडली तर नदीच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. राज्याचा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. त्याचा आधार इथे घेता येईल.

नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या बाबतीत तर कोणालाही फारसे काही सोडावे लागत नाही. पावसाळा सरता बंधाऱ्याला बरगे बसवतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. बरगे बसवताना तळाशी थोडी फट ठेवली, किंवा परतीचा प्रवाह ओसरेपर्यंत एक गाळा उघडा ठेवला, तर खालच्या डोहाला हिवाळाभर धार मिळते. आणि मृगापूर्वी सगळे बरगे खरोखर निघाले तर चढणीच्या माशांची वाट अडत नाही. अनेक बंधाऱ्यांचे बरगे वेळेवर निघत नाहीत, काही पुरात वाहून जातात, काही चोरीला जातात. या एका कामात ग्रामपंचायतीने लक्ष घातले तर एक पैसाही न मागता नदीचे दोन हंगाम सुधारतात.

एक शंका मात्र बाजूला सारण्यासारखी नाही. ज्या जिल्ह्यात शेतकरी कर्जाने पिचला आहे, जिथे सोयाबीनचा भाव आणि पावसाचा खंड मिळून वर्ष ठरवतात, तिथे त्यालाच पाणी दान कर म्हणणे कितपत योग्य? हा आक्षेप खरा आहे. नदीचा मूळ वाटा काढून ठेवणे हे पाण्याच्या मालकाचे, म्हणजे राज्याचे काम आहे. धरणाचे पाणी पिणे, शेती, कारखाने यांत वाटताना नदीसाठी एक आकडा आधी लिहिला गेला पाहिजे आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनांच्या बरोबरीने तो वाचला गेला पाहिजे. शेतकऱ्याने, संस्थेने, गावाने स्वतःहून सोडलेले पाणी त्या वाट्यात भर घालील. त्या वाट्याची जागा घेणार नाही. राज्याने आपला वाटा न काढता शेतकऱ्याच्या औदार्यावर नदी सोपवली तर त्याला दान म्हणता येणार नाही, ते हात झटकणे होईल.

कयाधूच्या काठच्या ग्रामसभांनी आपल्या शिवारातला एकेक डोह निवडावा, त्याच्या काठावर पातळी मोजण्याची पट्टी रोवावी आणि फेब्रुवारीपासून दर आठवड्याला तिची नोंद ठेवावी. पाटबंधारे खात्याने ती नोंद आपल्या दप्तरी घ्यावी आणि ज्या मोटारधारकांनी उपसा थांबवला त्यांची नावे परवान्याच्या वहीत सन्मानाने लिहावीत. हे काम येत्या हंगामातही सुरू करता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.